वसंताच्या तोंडावर लुइसव्हिल तलावात व्हाइट बास: गाइडसोबतच्या पहिल्या सकाळची तयारी आणि तंत्र

अमेरिकेच्या टेक्सस राज्यातल्या डॅलसच्या उत्तरेला, ट्रिनिटी नदीच्या एल्म फोर्क या शाखेवर लुइसव्हिल तलाव आहे. फ्रिस्को, प्लेनो आणि अर्व्हिंग या उपनगरांत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना हा तलाव पुलावरून जाता-येता दिसतो, पण त्याच्या पोटात काय चालले आहे याची कल्पना फार थोड्यांना असते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चअखेरपर्यंत, म्हणजे साधारण महाशिवरात्र ते गुढीपाडवा या काळात, या पाण्यातला व्हाइट बास हा मासा वर्षातल्या सर्वांत मोठ्या हालचालीत असतो. गळाची मासेमारी शिकू इच्छिणाऱ्याने पहिला धडा या माशाकडून आणि याच दिवसांत घ्यावा, असे मला मनापासून वाटते. हा मासा घोळक्याने राहतो, आमिषावर धीटपणे येतो, आणि हाताला एकदा त्याची भाषा कळली की दुसऱ्या कोणत्याही पाण्यात ती विसरत नाही.

ती भाषा कळण्यासाठी पहिल्या वेळी बोटीतून मासेमारीला नेणारा गाइड घ्यावा. मासे मिळवून देणे हे त्याच्या कामाचे अर्धेच अंग आहे. पाणी कसे वाचायचे आणि आमिष कसे हलवायचे, हे तो आपल्या डोळ्यांसमोर करून दाखवतो, आणि आपण दिलेल्या पैशांतला मोलाचा भाग तोच असतो.

मासा आणि त्याचे वेळापत्रक

टेक्ससमध्ये व्हाइट बासला बोलीत सँड बास किंवा नुसते सँडी म्हणतात. चंदेरी अंग, पाठीकडे करडी झाक आणि बाजूंवर डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या बारीक काळसर रेघा, असे त्याचे रूप आहे. बहुतेक मासे 10 ते 14 इंचांचे असतात आणि चार वर्षांपेक्षा अधिक जगलेला मासा क्वचितच मिळतो. शेजारच्या ओक्लाहोमाने तर त्याला राज्यमाशाचा मान दिला आहे.

त्याचे मुख्य अन्न शॅड हा लहान मासा. आपल्या तारली-भिंगाशी नाते सांगणारे हे मासे तलावात मोठ्या संख्येने फिरतात आणि बासचे घोळके त्यांच्या मागे असतात. त्यामुळे शॅड कुठे आहे हे कळले की बासचा पत्ता निम्मा लागलेला असतो.

पाण्याचे तापमान 54 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे 12 अंश सेल्सियसच्या वर जाऊ लागले की अंडी घालण्याचा हंगाम सुरू होतो आणि तो 68 अंशांपर्यंत, म्हणजे 20 सेल्सियसपर्यंत चालतो. नर आधी निघतात. तलावाला मिळणाऱ्या ओढ्या-नद्यांत ते मादीच्या आधी, कधीकधी महिनाभर आधीच, जाऊन थांबतात. त्यांना वाहते पाणी आणि खडकाळ किंवा वाळूखड्याचा तळ लागतो. घरटे कोणी करत नाही. मादी पृष्ठभागाकडे येते, नर तिच्याभोवती गर्दी करतात, फलित अंडी बुडून दगडांना चिकटतात आणि दोन-तीन दिवसांत फुटतात. ओढ्यांत पुरेसे पाणी वाहिले त्या वर्षी पुढची पिढी भरघोस येते आणि कोरड्या वसंतानंतर ती रोडावते.

इथले जुने मासेमार या सगळ्याची खूण एका झाडावरून सांगतात. रेडबडच्या निष्पर्ण फांद्यांवर गुलाबी-जांभळी फुले फुटली की सँडी निघाले, असा त्यांचा आडाखा आहे. हे झाड आपल्या आपट्या-कांचनाच्या गोतावळ्यातले आहे, हे कळल्यापासून मला तो आडाखा अधिकच जवळचा वाटतो.

सगळे मासे एकाच दिवशी ओढ्यांत शिरत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवावे. अंड्यांनी जड झालेल्या माद्या ओढ्यांच्या मुखाबाहेर, 20 ते 35 फूट खोलीवर, थांबलेल्या असतात आणि ज्यांचे वय अजून झालेले नाही ते लहान मासे मुख्य तलाव सोडतच नाहीत. म्हणूनच बोटीतून तलावावर केलेली मासेमारी या दिवसांतही फळते, आणि हा लेख तिच्याविषयीच आहे.

दिवस, गाइड आणि परवाना

गाइडशी पहिल्या फोनवरच काही गोष्टी स्पष्ट कराव्यात. दर बोटीचा आहे की माणशी, किती तासांचा आहे, रॉड-रील, म्हणजे गळाची काठी आणि तिच्यावरची दोरीची फिरकी, आणि आमिषे त्यात धरली आहेत का, मासे साफ करून मिळतात का, विसार किती आणि वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली तर तो परत मिळतो की पुढच्या तारखेला लागू होतो. अर्ध्या दिवसाची, म्हणजे साधारण चार तासांची फेरी पुरेशी असते. आपल्याला गळाचा अनुभव नाही हे न संकोचता सांगावे, आणि ‘मला शिकायचे आहे’ असेही सांगावे. हे एक वाक्य ऐकले की चांगला गाइड सकाळची आखणीच बदलतो. कामाबद्दल समाधान वाटले तर ठरलेल्या रकमेच्या 15 ते 20 टक्के टिप देण्याची रीत आहे, त्याची तरतूद आधीच करावी.

दिवस निवडताना तारखेपेक्षा वाऱ्याकडे पाहावे. मार्चमध्ये टेक्ससवर उत्तरेकडून थंड हवेच्या लाटा पाठोपाठ येतात. लाट येण्याआधी एक-दोन दिवस दक्षिणेचा दमट, उबदार वारा वाहतो, आकाश ढगाळ असते आणि मासे जोमाने खातात. लाट ओलांडून गेली की निरभ्र आकाश, उत्तरेचा बोचरा वारा आणि सुस्तावलेले मासे वाट्याला येतात. मध्यम दक्षिण वारा आणि ढग असलेली सकाळ मिळाली तर सुट्टी टाकून जावे, असे मी म्हणेन. वारा ताशी 20 मैलांच्या पुढे गेला की उघड्या तलावावर लाटा उंचावतात. अशा वेळी गाइडने फेरी रद्द केली तर त्याच्याशी वाद घालू नये, कारण तो आपल्या जिवाचा विचार करत असतो.

परवाना गाइडकडून मिळत नाही, तो प्रत्येकाने स्वतः टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफ या राज्य विभागाकडून घ्यायचा असतो. 17 वर्षांखालील मुलांना तो लागत नाही. नेहमीचा वार्षिक परवाना 31 ऑगस्टला संपतो, त्यामुळे मार्चमध्ये घेतला तरी उरलेलेच महिने मिळतात. भारतातून काही महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना सोबत न्यायचे असेल तर त्यांच्यासाठी परराज्यातल्या व्यक्तीचा एका दिवसाचा परवाना घ्यावा, कारण रहिवासी धरले जाण्यासाठी सहा महिन्यांहून अधिक सलग वास्तव्य लागते. ते नुसते बोटीत बसून पाहणार असतील तर परवान्याची गरज नाही, पण घोळका खाली आला की पाहणाऱ्याचाही हात रॉडकडे जातो, हे मी माझ्या वडिलांच्या बाबतीत अनुभवले आहे.

कपडे आणि वेळ

किनाऱ्यावर 10 अंश सेल्सियस असले तरी धावत्या बोटीत ते गोठणबिंदूसारखे झोंबतात. थरावर थर घालावेत, सर्वांत वर वारा अडवणारे जाकीट असावे, कानटोपी आणि बोटांची टोके उघडी ठेवणारे हातमोजे असावेत. बोटांची टोके का उघडी हवीत ते पुढे कळेल. ध्रुवीकृत काचांचा गॉगल, पाणी आणि थोडे खाणे एवढे पुरते. बोट चालू असताना 13 वर्षांखालील मुलांनी जीवरक्षक जाकीट घातलेलेच असले पाहिजे, असा 26 फुटांपेक्षा लहान बोटींसाठी कायदा आहे. मोठ्यांनीही ते घालावे. थंड पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांतच साथ सोडतात, मग त्याला पोहता येत असो वा नसो.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथली घड्याळे एक तास पुढे जातात. त्याआधी सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो आणि त्यानंतर पावणेआठच्या आसपास. बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर, म्हणजे रॅम्पवर, भेटण्याची वेळ त्यानुसार बदलते, म्हणून आदल्या दिवशी एकदा खात्री करून घ्यावी.

पहिला अर्धा तास: पाण्याखालचे वाचन

रॅम्पवरून निघाल्यावर गाइड लगेच गळ टाकायला सांगत नाही. तो बोट हळू चालवत सोनारच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्याकडे पाहत राहतो. हा वेळ वाया चालला आहे असे समजून मोबाइल काढू नये. त्याच्या शेजारी उभे राहून विचारावे.

बोटीच्या खाली पाहणाऱ्या सोनारवर तळ जाड पट्ट्यासारखा दिसतो आणि मासे त्यावर कमानींसारखे किंवा ठिपक्यांसारखे दिसतात. बाजूला पाहणाऱ्या सोनारवर पांढरे ठिपके आणि त्यांच्या मागे काळ्या सावल्या दिसतात. ठिपका आणि सावली यांच्यात अंतर जितके जास्त, तितका मासा तळापासून वर आहे. सावली ठिपक्याला चिकटली असेल तर मासा तळाला टेकलेला आहे. ढगासारखा धूसर पुंजका बहुधा शॅडचा असतो, आणि त्याच्या खाली किंवा कडेला ठसठशीत ठिपके असतील तर गाइडचा हात थ्रॉटलवर, म्हणजे वेग कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर, येतो.

लुइसव्हिलच्या तळाला एक इतिहासही आहे. 1920 च्या दशकात इथे लेक डॅलस नावाचा लहान तलाव बांधला गेला होता. 1950 च्या दशकात खालच्या अंगाला आजचे मोठे धरण झाले, जुना बांध फोडण्यात आला आणि त्याचे अवशेष नव्या तलावात बुडाले. बुडालेला बांध, जुन्या ओढ्याचे पात्र जिथे वळते तो काठ, एकदम खोल होणारी सोंडेसारखी जमीन, अशा उंचसखल जागा शॅडना अडवतात आणि बासना दबा धरायला आडोसा देतात. सपाट तळावर मैलभर काही न दिसता अशा एखाद्या कडेवर अख्खा घोळका का मिळतो, याचे उत्तर तिथे आहे.

मासे दिसले की गाइड पुढची विजेची ट्रोलिंग मोटर पाण्यात सोडून तिचे जीपीएस लंगर लावतो आणि बोट वाऱ्यातही त्याच जागी उभी राहते. आता गळाची पाळी येते.

स्लॅब: सकाळचे खरे काम

या मासेमारीत सर्वाधिक वापरले जाणारे आमिष म्हणजे स्लॅब. शिशाची चपटी, रंगवलेली, शॅडच्या आकाराची पट्टी आणि तिला लावलेला गळ, एवढेच त्याचे स्वरूप आहे. वजन साधारण 3/8 ते 3/4 औंस, म्हणजे 10 ते 21 ग्रॅम. वारा आणि खोली वाढेल तसे जड घ्यावे. या हंगामात बास दीड-दोन इंचांचे शॅड खात असतात, म्हणून स्लॅबही लहानच शोभतो. रॉड साडेसहा-सात फुटांचा, टोक संवेदनशील असलेला, रील स्पिनिंगचे, त्यावर न ताणणारी विणलेली दोरी आणि शेवटी दोन-तीन फूट फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे दोरी आणि स्लॅब यांच्यामधला पारदर्शक धागा.

रीलवरची, दोरी अडवणारी तार उघडावी आणि स्लॅब बोटीच्या कडेने सरळ खाली सोडावा. दोरीवर तर्जनी हलकी टेकवून ठेवली की ती भराभर जाते, पण गुंतत नाही. दोरी सैल पडली म्हणजे स्लॅब तळाला टेकला. तार बंद करून सैल दोरी गुंडाळावी, इतकी की रॉडचे टोक पाण्याजवळ असताना दोरी नुकतीच ताठ होईल. आता मनगटाने रॉडचे टोक आठ ते बारा इंच वर न्यावे आणि लगेच खाली आणावे, मात्र खाली आणताना स्लॅब ज्या वेगाने पडतो त्याच वेगाने.

शेवटच्या या पाच शब्दांत सगळे तंत्र सामावले आहे. टोक फार सावकाश आणले तर दोरी ताठ राहते, स्लॅब लंबकासारखा सरळ उतरतो आणि त्याचे डुलणे मरते. टोक झपकन खाली टाकले तर स्लॅब सुंदर डुलतो, पण दोरीत झोल येतो आणि मासा लागला तरी हाताला कळत नाही. या दोन्हींच्या मधला वेग साधायचा असतो. थंड पाण्यातला व्हाइट बास वर जाणाऱ्या आमिषाचा पाठलाग करण्यात शक्ती घालवत नाही, जखमी शॅडसारखे डुलत खाली येणारे आमिष तो उचलतो, त्यामुळे दहातले बहुतेक चावे स्लॅब पडत असतानाच येतात. कधी ‘टिक्’ असा बारीक ठोका दोरीतून बोटाला लागतो, आणि त्यासाठीच बोटांची टोके उघडी ठेवायची. कधी ठोकाही नसतो. स्लॅब तळाला पोचायच्या आतच दोरी सैल पडते, किंवा पुढच्या उचलीत वजन जरा अधिक भासते. शंका आली की मनगट उचलावे.

उचलणे म्हणजे हिसका मारणे नव्हे. व्हाइट बासच्या तोंडाची कड पातळ असते आणि जोराच्या हिसक्याने ती फाटते. मनगटाची छोटी, ठाम उचल करावी आणि त्यानंतर न थांबता सारख्या वेगाने गुंडाळत राहावे. रॉड वर-खाली पंपासारखा हलवला की प्रत्येक वेळी दोरी क्षणभर ढिली होते आणि त्याच क्षणी मासा सुटतो. नवशिक्यांचे निम्मे मासे असेच जातात.

पहिली दहा-पंधरा मिनिटे काही न लागणे अगदी स्वाभाविक आहे. अशा वेळी गाइडच्या रॉडकडे पाहावे, त्याच्या मनगटाची लय मोजावी आणि तीच आपल्या हाताने करून पाहावी. पाणी 50 अंश फॅरनहाइटच्या आसपास असेल तर उचल आणखी लहान, चार-सहा इंचांची, आणि तळाला क्षणभर विसावा, असे करावे. सोनारच्या पडद्यावर आपल्या स्लॅबची नागमोडी रेघ दिसते. तिच्याकडे येणारी दुसरी रेघ दिसली की श्वास रोखला जातो.

ही दुसरी रेघ स्लॅबच्या मागे वर चढू लागली तर पद्धत बदलावी. स्लॅब तळापासून आठ-दहा फेरे सलग आणि वेगाने गुंडाळून वर आणायचा, थांबवायचा आणि पुन्हा तळाला सोडायचा. ऊन चढून पाणी एखाद-दोन अंशांनी तापले की साडेनऊ-दहाच्या सुमारास हा उपाय अनेकदा लागू पडतो.

पाखरांचा इशारा

हिवाळ्यात आलेले करड्या पंखांचे गल पक्षी मार्चमध्येही तलावावर असतात. ते उंच घिरट्या घालत असतील तर शोध चालू आहे, आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा पाण्याला चोच लावत असतील तर खालून बासनी शॅड वर रेटले आहेत, असे समजावे. अशा जागी बोट थेट मध्यभागी नेली की घोळका बुडी मारतो. जाणता गाइड वाऱ्याच्या वरच्या अंगाला इंजिन बंद करतो आणि बोट आवाज न करता वाहत जाऊ देतो. तिथे दुसरी बोट आधीच असेल तर अंतर राखून थांबणे, हा या पाण्यावरचा शिष्टाचार आहे.

हातात आलेला मासा

पाठीवरच्या पहिल्या पराचे काटे ताठ आणि कल्ल्यांच्या झाकणाची कड धारदार असते, म्हणून मासा खालच्या जबड्याला अंगठा-तर्जनीने धरावा किंवा पाठीवरून काटे मागे दाबत धरावा. गळ हाताने नव्हे, पकडीने काढावा.

यानंतरचे काम मासा ओळखण्याचे. लुइसव्हिलमध्ये हायब्रिड स्ट्राइप्ड बासही आहे, जो व्हाइट बास आणि स्ट्राइप्ड बास यांचा संकर आहे, आणि लहान असताना दोघांत गल्लत सहज होते. ही गल्लत महागात पडते, कारण व्हाइट बास किमान 10 इंचांचा आणि दिवसाला माणशी 25 ठेवता येतात, तर हायब्रिड किमान 18 इंचांचाच असावा लागतो आणि पाचच ठेवता येतात. व्हाइट बासच्या रेघा फिकट असतात आणि त्यातली बहुधा एकच शेपटीपर्यंत पोचते. हायब्रिडच्या रेघा ठळक, तुटक असतात आणि अनेक शेपटीपर्यंत जातात. तरीही खात्री नसेल तर जिभेवरून बोट फिरवावे. मध्यावर खरखरीत दातांचा एकच पट्टा लागला तर व्हाइट बास, दोन लागले तर हायब्रिड. माप तोंड मिटून, शेपटीची टोके जवळ दाबून घ्यायचे, आणि काठाला लागेपर्यंत मासा अखंडच ठेवायचा.

किती ठेवावेत, हे मर्यादेवर न सोडता घरच्या ताटांवरून ठरवावे. चार माणसांच्या घराला दहा-बारा मासे भरपूर होतात. 30 फुटांच्या पुढच्या खोलीतून वर आणलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते आणि सोडल्यावर त्याला खाली जाता येत नाही, म्हणून पुरेसे मासे झाले की गाइडला उथळ पाण्याकडे न्यायला सांगावे. आधी ठेवलेले लहान मासे सोडून त्यांच्या जागी मोठे घेणे, हा प्रकार मला मुळीच मान्य नाही.

बर्फ, सुरी आणि परतताना

मांसाची चव पहिल्या पाच मिनिटांत ठरते. मासा पाण्याच्या टाकीत तडफडत ठेवण्यापेक्षा कल्ल्याची शीर कापून रक्त जाऊ द्यावे आणि लगेच बर्फ-पाण्याच्या काल्यात बुडवावा. साफ करताना पाठीच्या कण्याला धरून दोन्ही बाजूंचे काप काढावेत, कातडी सोडवावी आणि कापाच्या बाहेरच्या अंगाला मधोमध असलेला तांबूस पट्टा सुरीने तासून टाकावा. व्हाइट बासला हिंवस वास येतो अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुधा हा पट्टा तसाच ठेवलेला असतो. उरलेले पांढरे मांस घट्ट आणि सौम्य चवीचे असते.

रॅम्पवर बोट बाहेर काढल्यावर गाइड तिच्यातले सगळे पाणी काढून टाकतो. टेक्ससच्या तलावांत झेब्रा शिंपल्याने शिरकाव केला आहे. त्याची पहिली वसाहत 2009 मध्ये लेक टेक्सोमात सापडली आणि पुढे ती लुइसव्हिलसह अनेक पाण्यांत पसरली. पाण्याच्या थेंबातून त्याची सूक्ष्म पिल्ले दुसऱ्या तलावात जातात, म्हणून पाणी काढणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या बादलीतले पाणीही तिथेच ओतावे.

या दिवसांतल्या माद्यांच्या पोटात पिवळसर गाबोळी असते. इथले बरेच लोक ती टाकून देतात, म्हणून मासे साफ करण्याआधीच गाइडला ‘गाबोळी वेगळी ठेवा’ असे सांगून ठेवावे. व्हाइट बासची गाबोळी खाण्याजोगी असते. त्याच पाण्यातल्या गार या लांब चोचीच्या माशाची अंडी मात्र विषारी असतात, ती कधीही घरी आणू नयेत. मी स्वतः गाबोळीसाठी एक-दोनच माद्या ठेवतो आणि बाकी जड पोटाच्या सोडून देतो. ताटातले काप नरांचे असले तरी चालतात, आणि पोट हलके दाबल्यावर दुधासारखा स्राव आला की तो नर हे लगेच कळते.

घरी आल्यावर कापांना हळद, मीठ, तिखट, आले-लसणाचे वाटण आणि कोकमाचे आगळ लावून अर्धा तास ठेवावे, मग तांदळाच्या पिठात रवा मिसळून त्यात घोळवून तव्यावर कमी तेलात तळावे. काप पातळ असल्यामुळे बाजूला दोन-तीन मिनिटे पुरतात. गाबोळीला हळद-मीठ लावून ती आधी झाकण ठेवून मंद आचेवर घट्ट होऊ द्यावी आणि नंतरच तिचे तुकडे करून परतावेत, नाहीतर ती तव्यावर फुटते.